चिठ्ठीवरचे वीस

"वीस लिही आणि मोकळी हो," लॅबकाका पुटपुटले.

"पण काका, तिन्ही वेळा पंचवीसच येतंय!"

प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. मुलीचं नाक टेबलाला टेकायचं तेवढं बाकी होतं. भिंगातून गेलेला प्रकाश किती अंतरावर एकत्र येतो, एवढंच तिला मोजायचं होतं. भिंगाच्या लाकडी चौकटीवर चिठ्ठी होती: २० सें.मी. अक्षर काकांचं.

खरं भिंग अकरा वर्षांपूर्वी पुसताना काकांच्या हातून फुटलं होतं. तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणजे पेटती शेगडी. त्यांच्या धाकाने काकांनी चष्मेवाल्याकडून तसंच दिसणारं भिंग आणलं आणि त्यावर जुन्या भिंगाच्याच आकड्याची चिठ्ठी डकवून दिली. पुढे कुणाचंच उत्तर जुळेना, तसे काका परीक्षेत कानात 'वीस' सांगू लागले. मुलं पास होत गेली आणि काकांना देवमाणूस म्हणत गेली. तो मान त्यांनी निमूटपणे घेतला, हेही सांगायला हवं.

बाहेरून आलेले परीक्षक टेबलाशी थांबले. "पंचवीस? चिठ्ठी दिसत नाही? डोळे तपासून घे."

मुलीने आकडा खोडला. "माझ्या हातूनच काही नीट होत नाही," ती म्हणाली. "आणि म्हणे दुर्बीण बनवणार!"

हेच वाक्य काकांनी याच टेबलाशी स्वतःच्या लेकीच्या तोंडून ऐकलं होतं. गच्चीवर पडून ताऱ्यांची नावं पाठ करणाऱ्या त्या पोरीने त्याच वर्षी विज्ञान सोडलं. बाप मात्र मिठाची गुळणी धरून बसला होता.

"साहेब, एक मिनिट."

लांबच्या वस्तूचं चित्र जिथे स्पष्ट पडतं तेच खरं अंतर, मग ते झाड असो की तारा, हे वर्षानुवर्षं ऐकून त्यांना पाठ होतं. खिडकीसमोरच्या भिंतीपाशी त्यांनी भिंग मागेपुढे सरकवलं. बाहेरचं झाड भिंतीवर उलटं, लख्ख उमटलं. त्यांनी पट्टी लावली.

"पंचवीस," परीक्षकांनी वाचलं.

"भिंग मी बदललंय साहेब. चिठ्ठीही माझीच."

लाजेने काकांचे कान तापले, मान वर करवेना.

मुलीने हळूच विचारलं, "म्हणजे काका, आधीच्या सगळ्यांचंही बरोबरच येत होतं?"

"सगळ्यांचं."

ते नखाने चिठ्ठी खरवडू लागले. डिंक जुना होता, चिठ्ठी काही निघेना.