ओल्या कुत्र्याचा वास

जॅमच्या बाटलीच्या तळाशी, गोठलेल्या जेलीत रुतलेला मोहरीएवढा हिरवा ठिपका, आणि त्या ठिपक्याला आज सकाळी फुटलेली — फुटलीत ना? — मुंगीच्या पंखाएवढी दोन पानं... वेंडेलनं बाटली खिडकीशी धरली, चष्मा कपाळावर ढकलला, परत खाली घेतला. फुटलीत.

“शाब्बास, कुत्र्या!”

रोपाचं नावच ते. ओला कुत्रा. त्याच्या बायकोनं, रोझॅननं ठेवलेलं. गिऱ्हाइकं म्हणायची, बाई, गांजा एक नंबर आहे तुझा, पण हे असलं नाव घेऊन आम्ही विकायचा कसा, काहीतरी चंद्र-बिंद्र, मध-बिध ठेव की. आणि रोझॅन म्हणायची, आधी वास घ्या, मग तुम्हीच सांगा दुसरं काय ठेवू. घ्यायची. आणि तेच नाव घेऊन विकायची. धुक्यात भिजून आलेला कुत्रा चुलीपुढे अंग झाडतोय, अगदी तस्सा — आणि मग, थांबलं तर, मागून संत्र्याची साल.

इथे हंबोल्टच्या डोंगरात, गांजाच्या मळ्यांत, रोपाला कुणी नाव विचारत नाही. दांडा अंगठ्यानं चोळायचा, बोटं नाकाशी न्यायची, बस, कळलं कोण ते. वेंडेलला तर डोळे बांधून कुणाच्याही मळ्यात सोडा — पैजा लावायचे लोक, आणि हरायचे, आणि हरल्यावर हा त्यांच्याच खर्चानं बिअर प्यायचा. आता पैज लावायला उरलंय कोण? कायद्यानं गांजा मोकळा केला, भाव पार झोपला, मळे विकून एकेक जण खाली उतरला. रोझॅन तर त्याच्याही आधी वारली. ओल्या कुत्र्याच्या फांद्या तिनं ज्यांना वाटल्या, त्यांच्यातल्या एकाकडेही आता रोप नाही. होतं ते इथे, परसात.

आणि वसंतात रोग आला. चोर रोग. पान हिरवं, खोड ताठ, दिसायला राजबिंडं रोप, फक्त वास जातो. वेंडेलनं दांडा चोळला... काही नाही. दुसऱ्याचा चोळला. तिसऱ्याचा. नुसती ओली पालवी. शहरात तपासून देतात म्हणे, पान पाठवलं की सांगतात. तपासायला कशाला पाठवू? माझं नाक काय मेलंय? रोगट झाडाला दया नाही, हा इथला नियम. सगळी उपटली, परसातच जाळली. फक्त त्याआधी शेंड्याचं अगदी टोक, जिथवर रोग पोचलेला नसतो म्हणतात, ते कापून बाटलीत, खत घातलेल्या जेलीत लावलं. स्वयंपाकघरातच. प्लास्टिकचा खोका, त्याला हात घालायला दोन भोकं, स्पिरिट, शेजारणीच्या कुकरात उकळलेल्या बाटल्या, आणि श्वास रोखून धरलेला वेंडेल — आयुष्यभर जे नाकाशी धरलं, त्याच्यावर आता श्वासही सोडायचा नाही! एकेक बाटली पांढऱ्या बुरशीनं गेली. ही एवढी उरली.

झाकण उघडायचं नाही. बाहेरची हवा शिरली की संपलं. महिने झाले, रोज सकाळी अंगठा झाकणावर जातो. थोडंसंच. एकदाच. चिमटीत ते पान चुरडून... रोझॅनचे हात याच वासाचे असायचे, उशीला, पावाला, टेलिफोनला... नको. अंगठा मागे.

“वेंडेल! आहेस का खपलास?”

फिलोमीना. शेजारीण, म्हणजे दरीपलीकडची. बंदरात ट्यूना मासा आलाय, बाटल्यांत भरून, उकळून ठेवायचाय, तिला तिचा कुकर परत हवा होता. दारात आली आणि तिथंच थबकली. बाहीनं नाक दाबलं.

“अगं बाई गं! घरात काहीतरी मेलंय.”

वेंडेल बघत राहिला. तिला वाटलं, हा हसू दाबतोय.

“कळलं, कळलं! माझ्या जीपमध्ये माशाचं डोकं लपवलं होतंस, तशातलंच ना हे? काय ठेवलंयस? कुठे?” ती नाक दाबूनच ओट्यापाशी वाकली, शेगडीमागे झाडू घातला, आणि शेपटीला धरून बाहेर काढला — उंदीर. फुगलेला. बरेच दिवसांचा. “अरे देवा. साठी आली तरी पोरकटपणा जात नाही मेल्याचा. आणि एवढ्या घाणीत बसून कॉफी पितोस? नुसती मला फसवायला?”

“मग!” वेंडेल म्हणाला. “परवापासून वाट बघतोय तुझी. किती उशीर केलास!” आणि हसला. हसू चांगलं जमलं.

तिनं उंदीर झाडीत फेकला, कुकर काखेत मारला. जाता जाता वळली.

“तरी हे परवडलं बाबा. वसंतात तू ती झाडं जाळलीस ना, अख्ख्या दरीत ओला कुत्रा! आमचा टोबी रात्रभर भुंकत होता, कोण परका कुत्रा आलाय म्हणून. मला तर... रोझॅनच दारात आल्यासारखं झालं बघ.”

जीप गेली. धुक्यात तिचा आवाज बराच वेळ उतरत राहिला.

वेंडेलनं कॉफीचा डबा उघडला आणि तोंड आत घातलं. मग स्पिरिटची बाटली. डोळ्यांत पाणी आलं, नाकात काही नाही. मग आतल्या खोलीत जाऊन रोझॅनची लोकरी टोपी... तिचा वास उडालाय, हे तर त्याला माहीतच होतं, जुनी झाली की उडतोच, असं त्यानं केव्हाच स्वतःला सांगून टाकलं होतं. नाक गेलं कधीपासून? कोण सांगणार कधीपासून? दूध नासलं, मोजे कुबट झाले, हे माणसाला दुसरं माणूस सांगतं.

म्हणजे झाडं बरी होती.

त्यानं हे वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. मग खाली बसला. परसातला काळा गोल खिडकीतून दिसत होता, गवत अजून धरलेलं नाही त्यानं... धडधाकट होती सगळी. आणि मी दांडा चोळला, बोटं हुंगली, आणि... लेका वेंडेल, सगळ्यात मोठा गंडा तर तू स्वतःलाच घातलास! रोझॅन असती तर चुलीपुढे लोळून हसली असती. असती तर तिनं आधीच सांगितलं असतं.

बाटली समोर होती. सवयीनं अंगठा झाकणावर गेला, आणि तिथं नुसताच राहिला. ओढ नव्हती. महिनोन् महिने जिच्याशी रोज सकाळी झटापट केली, ती ओढच नव्हती. आता उघडी काय, बंद काय. बाटली त्याच्यापासून सुरक्षित झाली होती, आणि घर एकदम खूप मोठं वाटायला लागलं.

रोप वाढेल. जगलं तर बाटलीतून मातीत जाईल, गुडघ्याएवढं होईल. तेव्हा दांडा चोळून कुणीतरी सांगायला हवं, हाच का तो. फिलोमीनाला बोलवायचं... काय सांगून? ‘बाई, जरा तुझं नाक उसनं दे.’ ती म्हणणार, आता काय लपवलंयस? शपथेवर सांगितलं तरी खरं मानायची नाही ती, माझं कोण मानतं? आणि मानलंच, तर विचारेल, बरं, काय यायला हवं वासाला, सांग तरी.

त्यानं रिकाम्या खुर्चीकडे तोंड केलं आणि म्हणून पाहिलं.

“आधी ओला कुत्रा. मग, जरा थांबलीस तर, संत्र्याची साल.”

थांबला. अजून काहीतरी होतं, सालीच्याही मागे, एवढ्या वर्षांत कुणाला सांगावं लागलं नव्हतं ते.

“आणि मग... थांब हं,” तो खुर्चीला म्हणाला, “सांगतो.”