ब्रेकवर पडलेले दोन थेंब

मित्रांनो, टेलरमास्तरांच्या दुकानामागच्या बोळात भिंतीला टेकून एक काळी सायकल उभी आहे. तिच्या सीटवर उरलेल्या कापडाचं, नीट शिवलेलं आवरण आहे. ती मी. माझं वय विचारू नका. माझ्या मुठींवरची नक्षी कधीच झिजून गेली.

कारखान्यात तापवून, वाकवून, रंगवून मला उभं केलं. पहिली वर्षं मी एका पोस्टमनची पत्रं वाहिली. तो निवृत्त झाला आणि मला मास्तरांकडे सोपवून गावी गेला.

मास्तर आठवडाभर मान खाली घालून शिवायचे. शनिवारी संध्याकाळी त्यांचा एक नेम होता. लांब चोचीची तेलाची कुपी घ्यायची आणि मशीनच्या प्रत्येक सांध्यात एकेक थेंब सोडायचा. मग चाक फिरवून कान लावायचा. आवाज नाही म्हणजे मशीन सुखात आहे, असं त्यांचं गणित. मशीन झाली की कात्रीचा खिळा, मग दाराची बिजागरी, शेवटी माझी चेन.

"अहो, माझे गुडघेही कुरकुरतात. दोन थेंब इकडेही सोडा," त्यांची बायको एकदा म्हणाली.

"बस पाय लांब करून. पण रांगेत तुझा नंबर सायकलच्या मागे," मास्तर म्हणाले.

रविवारी सकाळी ते बॉबिनला कॅरिअरवर बसवून निघत. बॉबिन म्हणजे त्यांची दहा वर्षांची मुलगी. एका जागी टिकत नाही, मशीनमधल्या दोऱ्याच्या छोट्या रिळासारखी गरगरते, म्हणून हे नाव. आम्हाला कुठे पोचायची घाई नसायची. घड्याळाच्या चौकात कारंज्यापाशी एक फेरी, मग वाचनालयाच्या पायऱ्यांवर बसून शेंगदाणे, मग खाडीचा पूल. बंदरात बॉबिन बोटींची नावं मोठ्याने वाचायची आणि मास्तर त्यांची शिडं कुठे उसवली आहेत ते दाखवायचे. तिथून समुद्राकाठच्या रस्त्याने दीपगृहाच्या टेकडीपर्यंत. मला दोघं ढकलत वर नेत आणि वाऱ्यात बसून राहत. उतरताना मात्र दोघं माझ्यावर बसत आणि मास्तर ब्रेक धरून मला सावकाश खाली आणत. उताराच्या तळाशी रस्ता एकदम वळायचा. वळणापुढे दगडी कठडा आणि कठड्यापलीकडे समुद्र.

त्या वर्षी माझ्या ब्रेकची रबरं झिजून गेली. उतारावर आतलं लोखंड रिमला घासायचं आणि मी किंचाळायचे. मित्रांनो, मला तोंड नाही. 'रबरं बदला' हे सांगायचा माझ्याजवळ तेवढा एकच मार्ग होता. कठड्यावर बसलेले लोक हसले. "मास्तर, मशीन रस्त्यावर काढली वाटतं," एकजण म्हणाला. मास्तरही हसले, पण त्यांचे कान लाल झाले.

पुढच्या शनिवारी कुपी घेऊन ते माझ्यापाशी उकिडवे बसले. "खारी हवा बाधली बिचारीला," असं म्हणत त्यांनी या रबरावर दोन थेंब सोडले, त्या रबरावर दोन. मग चिंधीने रिमलाही तेल चोळलं. ब्रेक दाबून चाक फिरवलं. आवाज आला नाही.

"गप झाली बघ," ते समाधानाने म्हणाले.

त्या हातात इतकी माया होती की मला रागावताही येईना. मी ओरडू पाहिलं, पण जिथून ओरडायचे तीच जागा बुळबुळीत झाली होती.

रविवारी चौकात ब्रेक निसटला. मास्तरांनी पाय टेकवला. "काय हलकी पळतेय आज," ते म्हणाले. पुलावर पुन्हा तसंच झालं, पुन्हा त्यांनी पाय टेकवला. वाटेत एखादा खिळा लागावा, माझ्या चाकातली हवा जावी, एवढंच मी देवाकडे मागत होते. त्या दिवशी रस्ते फार स्वच्छ होते.

उताराच्या मध्यावर मास्तरांना कळलं.

"बॉबिन, मला घट्ट धर."

"धरलंय. बाबा, हळू ना."

"थांबत नाहीये गं ही."

त्यांनी बूट रस्त्याला घासले. दोन्ही ब्रेक मुठीत चिरडले. मी सगळी ताकद लावली, पण चाकं माझी असून माझं ऐकत नव्हती. कठडा चार हातांवर आला तेव्हा त्यांनी मला बाजूच्या वाळूत वळवलं, डाव्या हाताने मुलीला कवेत ओढलं आणि उजवा हात जमिनीवर टेकला. बॉबिनचा गुडघा खरचटला. मास्तरांचं मनगट दोन जागी मोडलं.

"जुन्या सायकलीने दगा दिला," लोक म्हणाले. बायको म्हणाली, "मोडीत घाला तिला." मी ऐकत राहिले.

सायकल दुरुस्त करणारे काका घरी आले. त्यांनी माझ्या रिमवरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि मास्तरांच्या प्लास्टरकडे पाहिलं. "रबरं झिजली होती, मास्तर. दुसरं काही नाही," ते म्हणाले. त्यांनी साबणाने रिम धुतली, नवी रबरं बसवली. जाताना बॉबिनला दारापाशी हळूच म्हणाले, "बाळ, ब्रेकला तेल लागू द्यायचं नाही. कोणी लावायला आलं तर अडव. पण का, ते सांगू नकोस."

बॉबिन हुशार मुलगी. तिला कळलं.

प्लास्टर निघालं, पण अंगठा बोटाला मिळेना. कात्री धरवेना. आता मास्तर डाव्या हाताने खडूच्या रेघा मारतात आणि बायको कापते. एका शनिवारी ते डाव्या हातात कुपी घेऊन बोळात आले. नवी रबरं थोडी वाजतात, तशी ती वाजत होती. बॉबिन मध्ये येऊन उभी राहिली.

"बाबा, नको."

"का गं? वाजतंय ते."

"वाजू दे."

"वाजणारी वस्तू मी घरात कधी ठेवली आहे का?"

"मग चेनला लावा. इथे नको."

"इथे का नको?"

तिचे डोळे भरून आले. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, मग कुपीकडे. कुपीच्या चोचीतला थेंब त्यांनी बोटावर घेतला, माझ्या रिमला लावला आणि रबर हाताने दाबून पाहिलं. चाक सहज सरकलं. ते पायरीवर बसले.

"मीच का गं?"

बॉबिन त्यांच्याजवळ बसली. मग उठून तिने साबणाचं फडकं आणलं आणि माझी रिम पुसली.

मित्रांनो, घरातलं काही कुरकुरलं, मग ते यंत्र असो की अंथरुणावरचं माणूस, तर त्याला गप करायची घाई करू नका. काय होतंय, ते आधी विचारा. तुम्हाला कळत नसेल तर जाणत्याला बोलवा. माया असली तरी विचारायचं राहून जातं.

अजूनही रविवारी सकाळी मास्तर बोळात येतात. डाव्या हाताने माझा ब्रेक दाबतात, मला जरा पुढे ढकलतात. मी जीव ओतून वाजते. माझा राग नाही, मी आता थांबते, चला, असं सांगते. त्यांना ऐकू येतो तो नुसता आवाज. ते हात काढून घेतात आणि आत जातात.