हटून बसलेले ठिपके

“ते ठिपके मळाचे आहेत, निल्दाबाई. मोजणीतून काढून टाका.”

प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर एचेव्हेरी यांची नजर पडद्यावर होती. पडद्यावर जिवंत पेशी, आणि तिच्यात हिरवे ठिपके. एकेक ठिपका म्हणजे चमकता रंग लावलेला प्रथिनाचा एकेक रेणू. पुस्तकांनुसार हे रेणू क्षणभर टेकून पुढे पळायला हवे होते. काही मात्र एकाच जागी हटून बसले होते.

निल्दा बेंतांकोर उरुग्वेतल्या मोंतेव्हिदेओच्या या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं तंत्रज्ञ होती. पदवी नव्हती. बाप मांसाच्या कारखान्यात शीतयंत्रं दुरुस्त करायचा, त्याचा हात तिच्यात उतरला होता. हा सूक्ष्मदर्शक तिनेच भिंगं जुळवून उभा केला होता.

तिने चित्रफीत मागे घेतली. “मळ हळूहळू फिका पडतो, डॉक्टर. हा बघा, पेटलेला होता आणि एका झटक्यात विझला. एकटा रेणू असाच जातो.”

शोधनिबंध आठवड्यात पाठवायचा होता. डॉक्टर आवाज न चढवता म्हणाले, “तुम्ही यंत्र चालवा. अर्थ आम्ही लावू.”

“यंत्र चालवते म्हणूनच सांगतेय. काढायचे तर तुम्ही काढा. आणि त्या निबंधावर माझं नाव नको.”

सोमवारी तिची रवानगी तळघरात झाली, काचसामान धुवायला. सोबतचे लोक ‘माते’ या कडवट पाल्याच्या चहाचा घोट पुढे करत, पण नजर चुकवत. माफी मागून मोकळी हो, असं बहिणीने सुचवलं. कशाची, ते सांग, मग मागते, असं निल्दाने तिला ऐकवलं. निबंध छापून आला, ठिपक्यांविना.

दोन वर्षांनी एका जपानी प्रयोगशाळेने तेच हटून बसणारे रेणू दाखवले. ते छापून आलेला नियतकालिकाचा अंक घेऊन डॉक्टर तळघरात उतरले. निल्दाच्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने उरले होते.

“तुमचं बरोबर होतं. परत वर या.”

“ते मला त्याच दिवशी माहीत होतं. सगळ्यांसमोर बोलाल?”

डॉक्टर हातातला अंक गुंडाळू लागले. तिने पुन्हा नळ सोडला.

गुरुवारच्या बैठकीत ते बोलले, खालमानेने, घाईघाईत. निल्दा रबरी एप्रन घालून दाराशी उभी राहून ऐकत होती. शेवटचा शब्द ऐकून ती वर गेली. सूक्ष्मदर्शकाची भिंगं कुणीतरी वेडीवाकडी फिरवून ठेवली होती. ती एकेक करून तिने जागेवर आणली, मंद ठिपके दिसावेत म्हणून दिवे मालवले, आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत स्वस्थ बसून राहिली.