ओट्याची उंची

आमचा परसदारचा फळ्यांचा ओटा एक फूट उंच होता. नगरपरिषदेच्या मसुरकर साहेबांनी टेप लावली आणि ओट्याचे चारी खांब वाढले. उंची नऊ फूट भरली. आमचे हे तेव्हा ओट्यावर बसून शेवटची फळी ठोकत होते. ते वरच राहिले.

जुन्या फळ्या वाळवीने खाल्ल्या, म्हणून आम्ही नव्या घातल्या, एवढाच आमचा गुन्हा. दीड फुटाच्या आतला ओटा बदलायला परवानगी लागत नाही. त्याहून उंच असेल तर लागते, आणि अर्जावर सही घरमालकाने ऑफिसात येऊन करायची असते.

"पण ते खाली उतरणार कसे?" मी विचारलं. यांचे गुडघे शिडी उतरण्यातले राहिलेले नाहीत.

"सही नसेल तर ओटा पाडायचा," मसुरकर म्हणाले. "वर जे असेल त्यासकट. पाडायला शुक्रवारी येतो."

मी दोन वेळचं जेवण शिडीने वर नेत होते. साहेब रोज येऊन मोजत होते, ओटा रोज वाढत होता. गुरुवारी तो एकोणीस फूट भरला. यांनी वरून विचारलं, "अगं, पाडतील का गं?" मला रागच आला. मी नियमांची पुस्तिका मागून घेतली आणि चुलीपाशी बसून वाचून काढली. कलम सहा : जमीन म्हणजे मोजणारा जिथे उभा असेल ती जागा.

शुक्रवारी मी ओट्यावर शेगडी मांडली आणि घावन घातले.

"साहेब, वर या. आमच्या दारातून कोणी उपाशी गेलेलं नाही."

"नियमात बसत नाही, वहिनी."

"नियमात नसेल बसत, पाटावर बसेल. रस काढलाय नारळाचा."

गूळ घातलेल्या रसापुढे सरकारी माणूसही शेवटी माणूसच. ते चढले. तीन घावन झाल्यावर मी म्हटलं, "भावजी, उभे राहा आणि आता मोजा."

त्यांनी पायाशी टेप धरली. पुन्हा धरली. पुस्तिका चाळली. मग यांच्याकडे न बघता वहीत लिहिलं : शून्य.

लिहिलेलं खोडता येत नाही. ओटा तसूभर हलला नाही. जमिनीलाच यावं लागलं. विहीर, अळू, धुण्याचा दगड, आमचं घर, सगळं सावकाश वर आलं आणि फळ्यांना टेकलं. यांनी पाय खाली सोडले, तर तळव्यांना माती लागली. ते लहान मुलासारखे हसले आणि मला रडू फुटलं.

जमीन मात्र थांबली नाही, ओट्यासकट वर चढत राहिली.

"वहिनी, मी ऑफिसात कसा जाऊ?"

"आणखी एक घ्या."

आमच्या दगडी गडग्यापलीकडे नगरपरिषदेचं आवार, ते खालीच राहिलं. तिथल्या माडाचा शेंडा माझ्या गुडघ्याशी आला. मी वाकले आणि एक शहाळं तोडलं.