वारुळात लोटलेली वाफ

माझी थोरली बहीण देओलिंदा मिनास प्रांताच्या टेकड्यांतल्या एका संत्र्याच्या मळ्यात दिली होती. नवरा अनाक्लेतु कष्टाळू, पण हट्टी. त्या साली सौवा मुंग्यांनी दोघांना रडकुंडीला आणलं. संध्याकाळी हिरवंगार दिसलेलं रोप सकाळी नुसती काडी. पानांचे तुकडे डोक्यावर धरून त्यांची रांग बिळात शिरायची. पानं खायला नव्हेत. त्यांवर खाली बुरशी पिकवायची आणि ती खायची.

"आपण यांचे गडी झालोय," ताई म्हणायची. "लावायचं आपण, कापायचं यांनी."

शेवटी अनाक्लेतुनं उग्र वासाचं औषध आणलं. त्याची वाफ भात्यानं वारुळात लोटायची आणि मग पेटवून द्यायची. शेतातली बिळं त्यानं आणि मी चिखलानं लिंपली, एक उघडं ठेवलं.

"चुलीमागूनही निघतात रे त्या," ताई म्हणाली.

"एवढ्या लांबून? वारूळ इथं आहे, बाई. तू घेवडा शिजव, भूक लागलीय."

ती हसत घरात गेली. अनाक्लेतु भाता दाबत राहिला. आगकाडी अजून त्याच्या खिशातच होती, तोच पायाखालची जमीन धडधडली आणि स्वयंपाकघराचं छप्पर उडालं.

ताई दोन दिवस जगली. अंगाला कापड लावू देत नव्हती. शुद्धीत असताना म्हणाली, "तो जेवला का?"

दफन झाल्यावर अनाक्लेतुनं कुदळ घेतली आणि वारूळ खणायला लागला. ना कुणाशी बोलणं, ना धड जेवण. माणूसभर खोल गेल्यावर करड्या, स्पंजासारख्या बुरशीनं भरलेल्या पोकळ्या लागल्या. त्याच्याही खाली, एका पोकळीत राणी सापडली. बोटाच्या पेराएवढी. मुंग्यांनी चावून रक्ताळलेल्या हातावर ती घेऊन तो आमच्या दारात आला.

"बघतोस काय? चिरड तिला," आई म्हणाली.

"हिनं काय केलं, आई? भाता माझ्या हातात होता."

आईनं ती त्याच्या हातून घेतली आणि उंबऱ्यावर टाचेखाली रगडली. मग त्याच्याकडे न बघता आत गेली.

राणी मेली तरी उरलेल्या मुंग्या पानं कापून नेतच होत्या. नव्या मुंग्या जन्मत नव्हत्या. दर आठवड्याला रांग विरळ होत गेली. अनाक्लेतु खड्ड्याच्या काठी बसून ती बघायचा. पावसाळा संपता संपता एकही उरली नाही. त्यानंतर मळ्यात त्यानं काही लावलं नाही.