उद्यासाठी ठेवलेला भोंगा

मित्रांनो, तोंड रुंद, पोटात सेल आणि पाठीला मूठ, असा मी एक जुना भोंगा आहे. मोर्चात हातात धरायचा. जन्म अमेरिकेतला. माझी पहिली धनीण लोकांचे कपडे धुणारी एक काळी बाई होती. बसमध्ये, शाळेत काळ्यांना वेगळं बसवीत, तेव्हा ती माझ्यातून गाई आणि मागून सारी गल्ली गाई. आमच्यावर पाण्याचे फवारे सुटले, कुत्री सुटली. पुढे कायदा बदलला. मग कामगारांसाठी ओरडलो, मग युद्ध नको म्हणून. ओरडून ओरडून आतून बधिर झालो. घोषणा यायची, जायची. मला काही वाटेनासं झालं.

धनिणीची लेक लग्न होऊन ऑकलंडला आली, तिच्या पेटीत मी. ती गेल्यावर अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात जंडल्सच्या, म्हणजे रबरी चपलांच्या, ढिगाशेजारी पडलो. तिथून संभाजीआजोबांनी मला उचललं. ते औरंगाबादचे, विद्यापीठाच्या नामांतरासाठी दिवसेंदिवस पायी चाललेले. आता माउंट रॉस्किलला मुलाकडे नुसते बसून असत.

दोन हजार तीनचा फेब्रुवारी. इराकवरच्या युद्धाविरुद्ध शहरात मोर्चा निघणार होता.

"बाबा, तुमच्या रेसिडन्सीचं अजून लटकलंय. फोटोत आलात म्हणजे?" मुलगा विराज म्हणाला.

"अरे, मला तुरुंगात नेलं तेव्हा तुझी आई हसत होती."

"हसतेय कशाला? भाकऱ्या थापत होते," शैलाआजी म्हणाल्या, आणि आताही थापायला उभ्या राहिल्या.

आजोबा निघाले. खांद्यावर चादर, फडक्यात भाकरी-ठेचा, हातात मी. सोबत नात सुरभी.

"आजोबा, व्हाय द ब्लँकेट?"

"मुक्काम पडेल तिथं अंथरायला."

मोर्चा दुपारीच संपला. लोक गाड्यांकडे वळले. निशाण गुंडाळणाऱ्या बाईला आजोबांनी सुरभीकरवी विचारलं, "उद्या कुठं जमायचं?"

बाई हसली. "टुमॉरो? इट्स संडे, लव्ह!"

आजोबांनी तिच्या हातावर एक भाकरी ठेवली आणि घरी आले. उद्या नाहीतर परवा बोलावतील, म्हणून सेल माझ्यातच राहू दिले. कुणी बोलावलं नाही. महिनाभरात युद्ध सुरू झालं. सेल पाझरले, माझा गळा हिरवा पडला. आजोबा टीव्हीसमोर, मी टीव्हीखाली.

एके दिवशी सुरभीने व्हिनेगरने मला घासलं, कोपऱ्यावरच्या डेअरीतून, म्हणजे वाणसामानाच्या दुकानातून, नवे सेल आणले. कळ दाबली. नुसती खरखर. तरी तिने मला तोंडाशी धरलं आणि अडखळत, मराठीत विचारलं, "आजोबा, उद्या कुठं जमायचं?"

आजोबा चादर शोधायला उठले.

मला म्हणाल, तर अजून काही वाटत नाही. पण मित्रांनो, भोंगा ठेवून देताना त्याचे सेल काढा, आणि कुणी उद्याचं विचारलं, तर त्याला ठिकाण सांगा.