घोट्यावरचा लेप

कल्पना करा बाळांनो, तुमच्या मेंदूपासून लघवीच्या पिशवीपर्यंत एक तार गेली आहे आणि तिच्यावरचं वेष्टन जागोजागी विरलंय. "थांब" असा निरोप पाठवावा, तर तो वाटेतच हरवतो. मावल्यांच्या घरातल्या स्वराच्या आईला, भाग्यलक्ष्मीला, असाच आजार होता. डॉक्टरांनी तिला एक छोटं यंत्र दिलं होतं. घोट्याजवळ दोन चिकटपट्ट्या लावायच्या आणि रोज अर्धा तास बारीक करंट द्यायचा. तिथल्या नसेवाटे पिशवीची घाई शांत होते. बारा आठवडे खंड पाडायचा नव्हता. पाचव्या आठवड्यातच आईच्या लघवीच्या फेऱ्या थोड्या कमी झाल्या होत्या. पट्ट्या लावायचं काम सहावीतल्या स्वराचं.

एके दिवशी शेजारच्या बयनाबाई अचानक आत आल्या. आईच्या पायाचा अंगठा करंटनं टुणटुण उडत होता.

"काऊन वं स्वरा, मायच्या पायाले वायरी कायच्या?"

लघवीचं नाव घ्यायचं? स्वराचे कान तापले. "पाय मुरगळलाय," ती म्हणाली.

"अवं, मंग आंबेहळद लावा लागते! करंट देऊन का पाय सुदा होते?"

आईनं स्वराकडे पाहिलं, पण लेकीला खोटं पाडलं नाही. बयनाबाईंनी पट्ट्या काढल्या, ऊन ऊन लेप थापला, फडकं गुंडाळलं. मग रोज दोन्ही वेळा त्या वाटी घेऊन हजर. लेपाखाली पट्ट्या लावायच्या कुठे? यंत्र कपाटात पडून राहिलं. "उद्या सांगते त्यांना," स्वरा रोज म्हणायची.

तिसऱ्या संध्याकाळी, लेप चालू असतानाच आई एकदम उठू लागली.

"मावशी, मला जाऊ द्या."

"पाय टेकू नको, लक्ष्मी! सुकू दे." बयनाबाईंनी पाय मांडीवर घट्ट धरला.

तोवर उशीर झाला. सोफ्याची खोळ भिजली, थेंब फरशीवर आले. आईनं हळूच शेजारचा तांब्या लवंडला. "पाणी सांडलं बघा माझ्या हातून," ती म्हणाली आणि मान खाली घातली.

स्वराला तिच्याकडे बघवेना.

"बयनाआजी, पाय सोडा," ती म्हणाली. "मुरगळला नाही तो. मी खोटं बोलले. आईला लघवी आवरत नाही, त्याचं यंत्र आहे ते."

मग तिनं आईला हात देऊन न्हाणीघरात नेलं, साबण घेतला आणि खाली बसून घोट्यावरची हळद धुऊ लागली.